लेबल सुटतं, शाई पुसते: उन्हात आणि बर्फात टिकेल असं लेबल कसं लावायचं

सॅम्पलचा डबा उघडावा तर तळाच्या पाण्यात लेबलं पडलेली आणि नळ्या उघड्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या कोणालाही हे नवीन नाही. मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात हेच काम करतो. उन्हाळा आला की एक तक्रार, पावसाळा आला की दुसरी, आणि दोन्ही वेळा प्रश्न तोच: "दादा, चांगलं लेबल कोणत्या कंपनीचं घ्यावं?"

कंपनीचा विचार सगळ्यांत शेवटी करायचा. लेबल कसं सुटलं हे नीट पाहिलं तर ते का सुटलं हे बहुतेक वेळा तिथेच कळतं. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त लेबलं डिंक वाईट म्हणून सुटत नाहीत. ती गार किंवा ओल्या नळीवर लावलेली असतात, नाहीतर लावल्या लावल्या बर्फात गेलेली असतात. आणि एका सुटलेल्या लेबलची किंमत फार मोठी असते. भाताची रोवणी सोडून, दिवसाची मजुरी बुडवून बाई लेकराला सिकलसेलच्या तपासणीला घेऊन येते. तिला "पुन्हा या, रक्त पुन्हा घ्यावं लागेल" असं सांगितलं की ती येईलच याची खात्री नसते.

सुटलेलं लेबल फेकू नका, आधी पाहा

लेबल उलटं करा. डिंक पूर्ण लेबललाच आहे आणि नळी स्वच्छ कोरडी दिसते, तर त्या डिंकाने नळीला कधी पकडलंच नव्हतं. लावताना नळीवर दव होतं, हातमोज्याची पावडर होती, किंवा नळी फार गार होती. याच्या उलट, डिंक आणि कागदाचा पापुद्रा नळीवरच राहिला आणि वरचा कागद लगदा होऊन निघाला असेल, तर डिंकाने आपलं काम केलं आहे. कागदाने पाणी प्यालं. इथे डिंक बदलून काहीच होणार नाही, कागदाऐवजी प्लास्टिकच्या फिल्मचं लेबल घ्यावं लागेल.

लेबल जागेवरून सरकलं आहे, कडेला चिकट काळी रेघ आहे, ओढलं की डिंकाच्या तारा निघतात, हे उष्णतेचं लक्षण. स्वस्त लेबलांचा रबरासारखा डिंक उन्हात मऊ पडतो आणि वाहायला लागतो. फक्त दोन टोकं उचललेली आणि मधला भाग घट्ट असेल, तर लेबल त्या बारीक नळीसाठी जास्त कडक आहे. सरळ राहू पाहणारा जाड कागद वाकवून चिकटवला की तो पुन्हा सरळ व्हायला जोर लावतो. अशा नळीला लेबल पूर्ण वेढून एक टोक दुसऱ्या टोकावर चढवा. लेबलचा डिंक प्लास्टिकपेक्षा स्वतःच्या कागदाला घट्ट धरतो. फक्त आतलं रक्त किती भरलं ते दिसेल एवढी जागा उघडी सोडून वेढा द्या.

लेबल जागेवर आहे पण अक्षर गेलं, किंवा अख्खं लेबल काळपट पडलं, हा वेगळा आजार. त्याच्याकडे पुढे येतो.

खरा शत्रू दव

लेबलचा डिंक म्हणजे अतिशय घट्ट द्रव. तो पृष्ठभागाच्या बारीक खाचांत शिरला की पकड येते. गारठला की तो शिरत नाही, आणि मध्ये पाण्याचा पातळ थर असला की तो पृष्ठभागाला पोचतच नाही. बहुतेक साध्या लेबलांना लावताना तरी नळी ५ ते १० अंशांहून गरम लागते. एकदा पकड बसली की तेच लेबल पुढे बरीच थंडी सोसतं. पॅकेटवर उणे २० अंश लिहिलेलं पाहून लोक फ्रीजमधून काढलेल्या नळीवर ते लेबल लावतात, इथेच गफलत होते. ते उणे २० लावल्यानंतरचं असतं. लावतानाचं तापमान वेगळं असतं आणि ते बारीक अक्षरात असतं.

आता आपल्याकडच्या ऋतूंचं गणित पाहा. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि हवेत १५ टक्के ओलावा असेल, तर ११ अंशांच्या खाली गेलेल्या वस्तूवरच दव धरतं. ४ अंशांची नळी थोडी घामेजते आणि कोरड्या हवेत लवकर सुकते. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के ओलावा असला की २७ अंशांच्या वस्तूवरही दव धरतं. म्हणजे गार लेबलांचा कठीण काळ मे अखेरच्या कडक उन्हाचा नवतपा नाही, रोवणीचे दिवस आहेत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि सॅम्पल ठरल्यापेक्षा जास्त वेळ गार डब्यात राहतं, तेही याच दिवसांत.

उन्हाळ्यात दव आणतो तो आपला कूलर. खस भिजली, पंखा लागला, खोली ३२ अंशांवर आली, जीव वाचला. पण त्याच खोलीत ओलावा ६० टक्क्यांवर गेला तर दवबिंदू, म्हणजे दव धरायला लागतं ते तापमान, २३ अंशांवर पोचतो. बाहेर मे आणि टेबलावर जुलै. कूलर बंद करा असं मी कोणालाही सांगणार नाही, ४५ अंशांत माणसांनी काम करायचं आहे. पण लेबल लावायचं टेबल कूलरच्या झोतात ठेवू नका, आणि लेबलचे रोल, प्रिंटर त्या झोतापासून दूर, शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत ठेवा.

लेबल आदल्या दिवशी, नाव रुग्णासमोर

डिंकाची पूर्ण पकड यायला साधारण २४ तास लागतात. शिबिरात एवढा वेळ कोणाकडे असतो? म्हणून बरेच जण आदल्या रात्रीच यादी पाहून नळ्यांवर नावं घालून ठेवतात. हे करू नका. यादीतली एक बाई आली नाही, दुसरी तिच्या जागी बसली, की एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं. सुटलेलं लेबल निदान दिसतं तरी, चुकीच्या नावाचं लेबल कोणालाच दिसत नाही.

यावर सोपा तोड आहे. आदल्या दिवशी, कोरड्या खोलीत, कोऱ्या नळ्यांवर कोरी लेबलं लावून ठेवा. अंगठ्याने मधून कडेकडे दाबत जा, टोकांवर थोडं जास्त दाबा, कारण हा डिंक दाबानेच पकडतो. शिबिरात रक्त घेतल्यावर, माणूस समोर बसलेला असताना, त्याच्या तोंडून नाव विचारून नाव आणि क्रमांक दोन्ही लिहा. छापील बारकोड असेल तर तो आदल्या दिवशी चिकटवा आणि त्याचा क्रमांक रजिस्टरमध्ये रुग्णासमोर त्याच्या नावापुढे चढवा. डिंकाला रात्र मिळते, नाव मात्र जागेवरच पडतं.

आणखी एक सवय लावून घ्या. नावाबरोबर तोच क्रमांक नळीच्या अंगावर, लेबलच्या बाहेर, बुडाजवळ मार्करनेही लिहा. त्यावर चिकटपट्टीचा एक वेढा द्या. लेबल गेलंच तर क्रमांक हातात राहतो.

प्लास्टिकचाही स्वभाव असतो. थुंकीची डबी आणि फाल्कन नळी (निमुळत्या बुडाची, झाकणाची) बहुतेक पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची असते. तिच्यावर तेल लावल्यासारखा डिंक घसरतो. ज्या डबीवर लिहायला खरखरीत पांढरा पट्टा दिला आहे तिथे लेबलच्या भानगडीत न पडता त्या पट्ट्यावरच लिहा. आणि झाकणावर कधीच नाही, अंगावर लिहा. दोन डब्या एकाच वेळी उघडल्या की झाकणं अदलाबदल होतात, हे आशाताईंना प्रत्येक बैठकीत सांगावं असं आहे.

उन्हात ठेवलेलं वाहन, टिनाखालचं कोठार

दुपारी उभ्या केलेल्या गाडीत, काचा बंद असतील तर, हवा ६० अंशांच्या वर सहज जाते. डॅशबोर्ड त्याहून तापतो. लेबलचे रोल, कोऱ्या नळ्यांची पाकिटं, चाचणीच्या किटचे डबे तिथे दुपारभर राहिले की डिंक कडेने बाहेर येतो, थर एकमेकांना चिकटतात, आणि पुढे थंडीत तीच लेबलं पकड धरत नाहीत. डोळ्यांना लेबल ठीक दिसतं, म्हणून दोष कंपनीला जातो.

रोल साधारण २० ते २५ अंशांत आणि मध्यम ओलाव्यात ठेवायला बनवलेले असतात. टिनाच्या छपराखालच्या आपल्या कोठारात ते जमणार नाही. पण सगळ्यांत खालच्या फळीवर, भिंतीपासून थोडं दूर, पन्नीत बांधून स्टीलच्या पेटीत ठेवलं तरी फरक पडतो. वर्षभराचे रोल मार्चमध्ये एकदम मागवू नका. उन्हाळ्यापुरते घ्या, बाकीचे पावसानंतर. रोलवर आल्याची तारीख लिहा आणि जुना आधी वापरा.

अक्षर गेलं, लेबल राहिलं

इथे सगळ्यांत जास्त फसवतो तो 'परमनंट' मार्कर. तो पाण्याला परमनंट आहे. स्पिरिटचा बोळा फिरवला की अक्षर बोळ्यावर येतं, आणि आपण तर दिवसभर स्पिरिट आणि सॅनिटायझर हाताळतो. बरेच जेल पेन पाण्यातच जातात. बॉलपेनची शाई पाणी सोसते पण स्पिरिटमध्ये पसरते आणि उन्हात फिकी पडते. थुंकीच्या डबीला बाहेरून हायपोक्लोराइटने, म्हणजे ब्लीचने पुसलं की रंगाचीच वाट लागते.

या सगळ्यांना पुरून उरते ती साधी शिसपेन्सिल. ग्रॅफाइट स्पिरिटमध्ये विरघळत नाही, ब्लीचने उडत नाही, गोठत नाही, उन्हात फिकं होत नाही. मलेरियाच्या काचपट्टीवर आपण रक्ताच्या पातळ थरावर (स्मिअरवर) क्रमांक पेन्सिलनेच घालतो ते याचसाठी. मिथेनॉलमध्ये बुडवली तरी क्रमांक राहतो. गडचिरोलीत जिथे काचपट्ट्यांचे ढीग येतात तिथे हे सगळ्यांच्या हातात मुरलेलं आहे, तीच पेन्सिल रक्ताच्या नळीच्या कागदी लेबलवर चालवायला मात्र कोणी धजत नाही. चालवा. फक्त ती गुळगुळीत प्लास्टिक फिल्मवर उमटत नाही, आणि बोटाने सारखं घासलं तर पुसट होते. कागदी लेबलवर पेन्सिल आणि वरून चिकटपट्टीचा पूर्ण वेढा, ही आपल्या साधनांत बसणारी सगळ्यांत टिकाऊ जोडी आहे. चिकटपट्टीचा नुसता तुकडा वरून लावू नका. बर्फात त्याची टोकं उचलतात आणि आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. टोकावर टोक चढलं पाहिजे.

छापील लेबल काळं किंवा करडं पडत असेल तर ते बहुतेक साध्या थर्मल कागदाचं आहे. त्यात शाई नसतेच, कागदावरचा थर उष्णतेने काळा होतो. एसटीच्या मशीनचं तिकीट अशाच कागदाचं असतं. ओळखायला नखाने जोरात एक रेघ ओढा. काळी रेघ उमटली तर थर्मल. असं लेबल एका दिवसाच्या कामाला ठीक आहे. उन्हातल्या प्रवासाला, स्पिरिट लागणाऱ्या टेबलाला, किंवा महिनोन्‌महिने जपायच्या सॅम्पलला नाही. तिथे रिबनवर छापणारा प्रिंटर लागतो. रिबनही तीन तऱ्हेची येते: मेणाची, मेण-रेझिनची आणि निव्वळ रेझिनची. मेणाची नखाने खरवडते आणि स्पिरिटने जाते. रेझिनची पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या लेबलवर छापली की स्पिरिट सोसते. प्रिंटर एकच असला तरी रिबन बदलून पुष्कळ भागतं. मात्र रेझिनला छापताना उष्णता वाढवून वेग कमी ठेवावा लागतो, नाहीतर अक्षर तुटक येतं.

लसीच्या बाटलीला वेगळा नियम

लसीच्या बाटलीवर आपलं काहीही चिकटवायचं नाही. बॅच, मुदत आणि व्हीव्हीएमचा गोल (लसीला किती उष्णता लागली ते रंगाने दाखवणारी खूण) झाकला गेला तर ती लस द्यायची की नाही हे ठरवायला काही उरत नाही. उघडी बाटली पुन्हा वापरण्याच्या सरकारी धोरणात स्पष्ट आहे: लेबल नाही, अर्धवट फाटलं आहे किंवा वाचता येत नाही, तर बाटली टाकून द्यायची. उघडलेली बाटली पाण्यात बुडाली असेल तरीही तेच. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) किंवा टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची लस) उघडलेली बाटली नियम पाळले तर चार आठवडे चालते, पण त्यासाठी उघडल्याची तारीख आणि वेळ बाटलीवर वाचता आली पाहिजे. गोवर-रुबेला आणि बीसीजीला ही सवलत नाही. ती चार तासांत संपवायची.

म्हणून इथे सगळा भर लेबल कोरडं ठेवण्यावर. आयएलआरमधून (लस साठवायच्या फ्रीजमधून) निघालेल्या बाटल्या झिपवाल्या पन्नीत घालूनच कॅरियरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या डब्यात ठेवा. आईसपॅक कंडिशन करा, म्हणजे हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत बाहेर ठेवा आणि अंग पुसून मगच भरा. ही सूचना लस गोठू नये म्हणून आहे, पण गोठलेला पॅक लेबलला चिकटून ते सोलून काढतो तेही यातून टळतं. तारीख लिहायची तेव्हा सिस्टरांनी कोरड्या कापसाने टिपून मग बारीक टोकाच्या मार्करने लिहावं आणि त्या जागी स्पिरिट लावू नये. रबरी बूच पुसायला स्पिरिट वापरता ते ओघळून तारखेवर येतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आणि सॅम्पलच्या नळ्या लसीच्या कॅरियरमध्ये ठेवू नका. डबा कमी पडला तरी नाही.

माठात ठेवलेलं इन्शुलिन

ज्या घरात फ्रीज नाही किंवा दिवसभर लाईन जाते, तिथे इन्शुलिनची बाटली माठात किंवा ओल्या फडक्यात ठेवतात. थंडावा मिळतो, लेबल मात्र काही दिवसांत लगदा होतं. बाटली सरकारी दवाखान्यातली असो की मेडिकलमधली, घरात दोन प्रकारचं इन्शुलिन असेल तर हा जिवावरचा प्रश्न आहे. साधं इन्शुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, मिक्स दुधट असतं, पण स्थिर ठेवलेल्या मिक्समध्ये पांढरा गाळ तळाशी बसतो आणि म्हाताऱ्या डोळ्यांना वरचं स्वच्छच दिसतं.

बाटली आधी घट्ट झाकणाच्या छोट्या कोरड्या डबीत घाला आणि डबी माठात ठेवा. बाटली पाण्याला लागता कामा नये. दोन प्रकार असतील तर एकाच्या मानेला रंगीत धागा बांधा. वाचता न येणाऱ्या माणसालाही धागा ओळखता येतो. सुई देताना बाटली आणि सुई जुळते का तेही पाहा. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन सहसा ४० युनिटचं असतं आणि त्याची सुई लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची १०० युनिटची सुई लावली तर मोजमाप चुकतं. लेबल पुसलं की हा ताळा करायचा आधारच जातो.

ऑटोक्लेव्ह

ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेने सामान निर्जंतुक करायचं यंत्र. त्यातली १२१ अंशांची वाफ कागदी लेबल टिकू देत नाही, म्हणून सामानाच्या ड्रमवर वेगळं लेबल लावायची गरजच नाही. ऑटोक्लेव्हच्या टेपवर पेन्सिलने तारीख आणि सामान लिहा. टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे वाफ लागली एवढंच कळतं. आतलं सगळं निर्जंतुक झालं याची ती हमी नाही.

आधीच सुटलं असेल तर

डब्यात एकच नळी उघडी आणि एकच लेबल सुटं असलं तरी ते तिलाच लावावं असं वाटतं. लावू नका. नळीच्या अंगावर क्रमांक असेल तर त्यावरून, नसेल तर सॅम्पल बाद. रुग्णाला पुन्हा बोलवावं लागेल, आणि हे काम फोनवर न सोडता आशाताईला घरी पाठवून करा. चूक दवाखान्याची आहे हे त्यांना स्पष्ट सांगितलं तर लोक येतात.

कंपनीने लावलेलं लेबलच सुटत असेल, औषधाच्या बाटलीवरून किंवा किटवरून, तर ते चिकटपट्टीने परत बसवून वापरात घेऊ नका. औषध नियमांमधला नियम ९६ आणि २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम न पुसणाऱ्या शाईची अट घालतात. तेवढा माल बाजूला काढा, बॅच दिसेल असा फोटो घ्या, जिल्हा भांडाराला लेखी कळवा. अन्न व औषध प्रशासनाकडेही तक्रार करता येते.

आता खरेदी

विक्रेत्याला "चांगलं लेबल द्या" म्हणू नका. चार गोष्टी विचारा: लावताना कमीत कमी किती तापमान लागतं, लावल्यावर किती ते किती सोसतं, वरचा थर कागदाचा की फिल्मचा, आणि डिंक ॲक्रिलिक की रबरी. रबरी डिंक चटकन धरतो पण उन्हात मऊ होतो. ॲक्रिलिक सावकाश धरतो आणि उष्णता जास्त सोसतो. आपल्या भागात मी ॲक्रिलिकच घेतो. उणे १९६ अंश सोसणारी क्रायो लेबलंही विकायला येतात. तेवढी थंडी द्रव नायट्रोजनची, आणि आपल्या खेड्यात तो असतो जनावरांच्या दवाखान्यात, रेतनाच्या कांड्यांसाठी. तिथेही माहिती कांडीवरच छापलेली येते. आपल्या फ्रीजसाठी एवढं महागडं लेबल घेऊन पैसे घालवू नका.

नमुन्याचे थोडे तुकडे मागा आणि तुमच्याच नळ्यांवर लावा. एक रात्र तसंच, दुसरी रात्र डीप फ्रीजरमध्ये, मग पाण्याच्या भांड्यात, मग दुपारभर टिनावर, शेवटी स्पिरिटचा बोळा जोरात फिरवून. एक नळी मुद्दाम ओली करून लावा, कारण जुलैत कोणीतरी ती तशी लावणारच. जे लेबल यातून वाचून निघेल त्याची ऑर्डर द्या, आणि नवीन रोल आला की त्यातला एक तुकडा पुन्हा याच चाचणीतून काढा. त्याच नावाने वेगळा माल येण्याचे प्रकार होतात.